पोटातले जिवाणू आणि पुडीतले जिवाणू

डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं की चिठ्ठीत त्याच्या खाली बऱ्याचदा आणखी एक नाव असतं. केमिस्ट दोन्ही एकाच पिशवीत घालतो आणि विचारलंच तर सांगतो, "गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून." ती असते प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी पडावेत म्हणून दिलेल्या जिवंत सूक्ष्मजीवांची कॅप्सूल, पाण्यात कालवायची पुडी किंवा लहान मुलांसाठी प्लॅस्टिकची इवलीशी कुपी. आपला सर्वसाधारण समज असा की अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि पुडीतून ते परत भरून निघतात. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्यात मेख आहे. पोटात जे मेले ते जिवाणू बहुतेक वेळा एक असतात आणि पुडीत मिळतात ते दुसरेच.

आधी पोटातले कोण ते पाहू. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ सालचा हिशोब आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे दोन्ही आकडे जवळपास सारखेच. 'आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू' हे वाक्य अजून व्हॉट्सॲपवर फिरतं, पण तो जुना ढोबळ अंदाज होता. या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. जठरातल्या आम्लात फारसं कुणी टिकत नाही आणि लहान आतड्यात वस्ती विरळ असते. खरी दाटी आहे ती मोठ्या आतड्यात.

मोठ्या आतड्याच्या आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. त्यामुळे तिथे राहणारे बहुतेक जिवाणू असे आहेत की ज्यांना हवा चालत नाही, नुसती चालत नाही असं नव्हे, हवेनं ते मरतात. बॅक्टेरॉइड्स, प्रीव्होटेला, रोझबुरिया, रुमिनोकॉकस, फिकॅलिबॅक्टेरियम अशी यांची नावं आहेत. ती जाहिरातीत कधी ऐकली नसतील. जाहिरातीतला लॅक्टोबॅसिलस प्रौढ माणसाच्या मोठ्या आतड्यात असतो, पण अगदी थोडा, बहुतेकांच्या पोटात शेकडा एकाहून कमी.

फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झीकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. निरोगी प्रौढांच्या आतड्यात सर्वाधिक संख्येनं सापडणाऱ्या जिवाणूंपैकी हा एक, कित्येकांमध्ये एकूण जिवाणूंच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी क्रोन्स या आतड्याच्या चिवट दाहाच्या आजारातले रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा आजार पुन्हा उफाळला, त्यांच्या आतड्यात हा जिवाणू कमी होता. याच जिवाणूतले पदार्थ प्रयोगशाळेत उंदरांना दिले तेव्हा त्यांच्या आतड्याचा दाह उतरला. एवढ्यावर तो औषध ठरत नाही, पण नाव पक्कं लक्षात राहावं इतकं हे नक्कीच आहे.

हा जिवाणू करतो काय? आपण खाल्लेल्या भाकरीतला, डाळीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं तयार होतात. त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा रक्तातल्या साखरेतून न घेता या ब्युटिरेटमधून घेतात. ते जाळायला त्यांना ऑक्सिजन लागतो, तो त्या रक्तातून ओढून वापरून टाकतात, आणि त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन झिरपत नाही. ऑक्सिजन नाही म्हणून ब्युटिरेट बनवणारे जिवाणू जगतात. जिवाणू पेशींना पोसतात आणि पेशी जिवाणूंना हवेपासून वाचवतात. अँटिबायोटिकच्या माऱ्यात ब्युटिरेट बनवणारेच गेले तर हे चक्र उलटं फिरतं: पेशी ऑक्सिजन कमी वापरतात, तो आत झिरपतो आणि ज्यांना ऑक्सिजन चालतो अशा साल्मोनेला किंवा ई. कोलायच्या जातकुळीतल्या जिवाणूंचं फावतं.

हे काम एकट्याचं नाही. पचायला जड असा स्टार्च, म्हणजे कच्च्या केळ्यातला किंवा शिजवून गार झालेल्या भातातला, तो फोडण्यात रुमिनोकॉकस ब्रोमी तरबेज. त्यानं तुकडे केले की बाकीचे त्यावर तुटून पडतात. बिफिडोबॅक्टेरियम साखरा आंबवून ॲसिटेट हे दुसरं छोटं आम्ल सोडतो, फिकॅलिबॅक्टेरियम ते ॲसिटेट उचलून त्याचं ब्युटिरेट करतो. साखळीतला एक दुवा गळाला तर पुढच्याला उपास घडतो. पोटातल्या जिवाणूंची विविधता म्हणून महत्त्वाची. नुसत्या संख्येनं भागत नाही.

ही विविधता किती? २०२० मध्ये जगभरातल्या नमुन्यांवरून एक मोठी सूची तयार झाली, तीत माणसाच्या आतड्यातल्या ४,६४४ प्रजाती निघाल्या. यातल्या ७० टक्क्यांहून अधिक प्रजाती तोवर कुणीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या नव्हत्या. विष्ठेतला सगळा डीएनए वाचून संगणकावर त्यांचे तुकडे जुळवले, म्हणून त्या आहेत एवढं कळलं. जनगणनेच्या यादीत नाव आहे, पण माणूस कधी भेटलेला नाही, असा प्रकार. आणि ज्याला वाढवता येत नाही त्याचं प्रोबायोटिक कुठून करणार?

वाढवायचं म्हटलं तरी सोपं नाही. यासाठी काचेची किंवा प्लॅस्टिकची बंद पेटी वापरतात. आत नायट्रोजन, थोडा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. पेटीच्या भिंतीतच रबरी हातमोजे बसवलेले, त्यात हात घालून आतल्या बश्या हाताळायच्या. फिकॅलिबॅक्टेरियमची बशी नुसती बाहेर काढून टेबलावर ठेवली तर तो काही मिनिटांत मरतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याला सिस्टीन, बी-२ जीवनसत्त्व आणि इन्युलिन यांच्या मिश्रणात वाळवून हवेत दिवसभर जिवंत ठेवून दाखवलं. ही कामगिरी मोठी आहे, पण औषधाच्या दुकानाच्या फळीवर माल वर्षभर टिकावा लागतो, तोही आपल्याकडच्या मे महिन्यात.

आता पुडीकडे येऊ. पुडीत जे येतात ते हवेत, आम्लात आणि वाळवणीत टिकणारे. त्यांची निवड कशी झाली याचा इतिहास मजेशीर आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९९ साली आँरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये बिफिडोबॅक्टेरियम सापडला. त्याच संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास मांडलं की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी आहेत ते दह्यामुळे. रोगप्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं आणि दह्याच्या कल्पनेला आपोआप वजन आलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या आल्फ्रेड निसल यांना, भोवतालचे सगळे आतड्याच्या आजारानं आडवे झालेले असताना ठणठणीत राहिलेला एक सैनिक भेटला. त्याच्या विष्ठेतून १९१७ मध्ये त्यांनी ई. कोलायचा एक वाण वेगळा केला, तो आजही जर्मनीत औषध म्हणून विकला जातो. जपानच्या मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये लॅक्टोबॅसिलसचा एक वाण निवडला आणि १९३५ पासून तो छोट्या बाटलीतून विकायला आला, तो याकुल्ट. फ्रान्सचे आँरी बुलार हे १९२० च्या सुमारास इंडोचायनात पटकीच्या साथीत होते. तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे पाहून त्यांनी त्या सालींवरचं यीस्ट वेगळं केलं. आपल्या पुड्यांवर सॅकरोमायसिस बुलार्डी हे नाव दिसतं ते हेच. ते जिवाणूही नाही, बुरशीच्या कुळातलं आहे. मुलांच्या कुपीतला बॅसिलस क्लॉसी हा मातीत सापडणाऱ्या जिवाणूंपैकी. तो बीजाणूच्या, म्हणजे जाड कवचातल्या सुप्त रूपात असतो, म्हणून फ्रिजशिवाय टिकतो.

म्हणजे शंभर वर्षांत जे हाती लागले, वाढले आणि टिकले, ते बाजारात आले. मोठ्या आतड्यात सर्वांत महत्त्वाचे कोण, हा प्रश्न विचारायची साधनंच तेव्हा नव्हती. ती गेल्या वीसेक वर्षांतली.

यावरून पुडीतले जिवाणू बिनकामाचे असं मात्र म्हणायचं नाही. ठरावीक वाण, ठरावीक त्रासावर, ठरावीक मात्रेत काम करतो. एकाच प्रजातीतले वाण, म्हणजे स्ट्रेन, एकमेकांपासून किती वेगळे असू शकतात हे ई. कोलायवरून पाहावं: निसल यांचा वाण जुलाबावर देतात आणि ओ१५७ नावाचा वाण रक्ताचे जुलाब लावून मूत्रपिंडं निकामी करू शकतो. म्हणून वेष्टनावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं असणं म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर 'गोळी' लिहिण्यासारखंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेष्टनावर प्रजातीबरोबर वाणाचं नाव किंवा क्रमांक हवा, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत जिवाणू उरतील तो आकडाही हवा. घरातलं एखादं पाकीट काढून पाहा.

चांगल्या निकालाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ओडिशाच्या खेड्यांमध्ये पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ही बाळं अंगावर पिणारी, किमान दोन किलो वजनाची आणि जन्मतः धडधाकट होती. निम्म्यांना पहिल्या आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडलेला वाण आणि त्याच्या खाद्यासाठी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही साखर दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली पूड. दोन महिने लक्ष ठेवलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरणं किंवा मृत्यू, हे साध्या पुडीच्या गटात ९ टक्के बाळांमध्ये घडलं आणि जिवाणूंच्या गटात ५.४ टक्के. फायदा इतका उघड होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. २०१७ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. यात वाण आधी पारखून घेतला होता, वय नेमकं होतं आणि बाळाचं आतडं अजून भरलेलं नव्हतं, म्हणजे नव्या पाहुण्याला जागा होती. प्रौढाच्या आतड्यात ती नसते.

दुसऱ्या बाजूचा निकाल २०१८ चा. अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्या होऊन इमर्जन्सी विभागात आलेल्या लहान मुलांवर दोन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून १,८०० हून अधिक मुलं. एकीत जगभर खपणारा लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, दुसरीत दोन वाणांचं मिश्रण. दोन्हींत साध्या पुडीपेक्षा काडीचाही फरक पडला नाही. मुलाला जुलाब झाले तर आधी ओआरएस आणि झिंक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि तो प्रोबायोटिकच्या कितीतरी आधी येतो. कुपी आणली पण ओआरएस राहिलं, असं घरात होता कामा नये.

आणि अँटिबायोटिकबरोबरची ती पुडी? अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही वाणांनी कमी होतात, मुलांमध्ये याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. पण जुलाब टळणं आणि आतडं पूर्ववत होणं या दोन वेगळ्या गोष्टी. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २१ निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला ११ वाणांचं प्रोबायोटिक दिलं. एकाला काहीच नाही. तिसऱ्याला अँटिबायोटिकआधी काढून ठेवलेली स्वतःचीच विष्ठा नळीनं आतड्यात परत सोडली. हा तिसरा गट काही दिवसांत पूर्ववत झाला आणि काहीच न घेतलेल्यांचे जिवाणू आपले आपण परतले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये पुडीतले जिवाणू रुजले, पण मूळ रहिवासी कित्येक महिने नीट परतले नाहीत. माणसं थोडी होती, त्यामुळे यावरून नियम करू नये. तरी 'घेतलं तर नुकसान काय' या प्रश्नाला आता एक उत्तर आहे.

विष्ठेचं नाव काढलंच आहे तर तेही सांगतो, नाक मुरडू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू अँटिबायोटिकनंतर ओस पडलेल्या आतड्यात माजतो आणि जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. ॲम्स्टरडॅममध्ये २०१३ साली अशा १६ रुग्णांच्या आतड्यात निरोगी दात्याची विष्ठा पातळ करून सोडली. १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नेहमीचं औषध घेणाऱ्या १३ पैकी बरे झाले ४. मात्र यात धोकाही आहे: २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला. त्यामुळे ओढा आता निवडक जिवाणूंकडे आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी तोंडानं घ्यायची कॅप्सूल मंजूर झाली. दात्याच्या विष्ठेवर अल्कोहोलची प्रक्रिया करतात, त्यात इतर मरतात आणि बीजाणू बनवणारे उरतात. रोज चार कॅप्सूल, तीन दिवस. मोठ्या आतड्याचे खरे रहिवासी औषध म्हणून बाजारात आले, ते असे.

त्यांच्यातलाच ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला सध्या गाजतोय. नेदरलँड्सच्या वाखेनिंगनमध्ये २००४ साली तो पहिल्यांदा वेगळा झाला. आतड्याच्या भिंतीवरचा चिकट थर तो खातो, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तो थर नव्यानं बनत राहतो. बेल्जियममध्ये २०१९ साली जादा वजनाच्या ३२ माणसांवर तीन महिन्यांची छोटी चाचणी झाली. मौज अशी की जिवंत ॲकरमॅन्सियापेक्षा पाश्चराइज केलेल्या, म्हणजे तापवून मारलेल्या ॲकरमॅन्सियाचा परिणाम सरस निघाला: इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं, कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. वजन मात्र म्हणावं तसं हललं नाही. जाहिरातदार या जिवाणूला वजन उतरवणारा म्हणून विकतात, तेव्हा हे शेवटचं वाक्य गाळलेलं असतं.

आपल्या पोटांचं काय? भारतीय आतड्यात, विशेषतः धान्य-डाळी जास्त खाणाऱ्यांच्या, प्रीव्होटेलाचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरंच जास्त दिसतं, आणि मेगास्फेरा या दुसऱ्या जिवाणूचंही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी यावर खूप काम केलंय. २०१२ मध्ये त्यांनी छापलेल्या एका अभ्यासाची कल्पना फार आवडण्यासारखी आहे: एका छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांची एकत्र कुटुंबं घ्यायची. घर एक, स्वयंपाक एक, रक्ताचं नातं, म्हणजे फरक दिसला तर तो वयाचा. कुटुंबं दोनच होती, पण त्यांत वयानुसार होणारे बदल युरोपातल्या अभ्यासांशी तंतोतंत जुळले नाहीत. पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी त्यांच्या बरोबरीनं माणसाच्या विष्ठेतून एक नवी प्रजाती वेगळी केली आणि २०१४ मध्ये तिचं नाव ठेवलं मेगास्फेरा इंडिका. दुसऱ्या देशातल्या पोटावर पारखलेला वाण इथे तसाच वागेल हे गृहीत धरता येत नाही, ते याच कारणानं.

तोवर आपण खायचं काय, हा प्रश्न येणारच. घरचं दही-ताक उत्तम आहे. दूध न सोसणाऱ्यांनाही दही बऱ्याचदा सोसतं, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. पण प्रत्येक घरच्या विरजणात कोणते वाण आहेत ते कुणी मोजलेलं नाही, म्हणून काटेकोर व्याख्येत ते प्रोबायोटिक बसत नाही. त्यानं दह्याचं काही बिघडत नाही. इडली-आंबोळीचं पीठ जिवाणूंनी फुगतं खरं, पण वाफेवर आणि तव्यावर ते मरतात. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर झालेल्या अभ्यासात दह्यासारखे आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली विविधता दहा आठवड्यांत वाढली. चोथा वाढवणाऱ्यांची तेवढ्यात वाढली नाही. पण ब्युटिरेट बनतं ते चोथ्यातूनच, तेव्हा यातलं एक निवडण्यापेक्षा ज्वारीची भाकरी, उसळ आणि वर ताक हे जेवण मला जास्त पटतं.

ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजारानं खचली आहे, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, त्यांच्यात पुडीतले जिवाणू क्वचित रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशाराही दिला आहे. अशांना शेजारणीच्या सल्ल्यानं काही देऊ नये.

बाकीच्यांनी मटकी, चवळी, हरभरा वाढवताना एकच सांभाळायचं, ते एकदम वाढवायचं नाही. कडधान्यातल्या रॅफिनोजसारख्या साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि आंबताना वायू सुटतो. पोट डब्ब होतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मैद्यावर येतो. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकलं की या साखरा बऱ्याच कमी होतात. पहिल्या आठवड्यात वाटीच्या जागी दोन चमचे उसळ घ्यावी, मग हळूहळू वाढवावी.